भाचीची मोजपट्टी

आमच्या घराण्यात परीक्षा म्हटली की सगळ्यांच्या अंगात येतं. ताईला बघायला आलेल्या मंडळींनी सहज विचारलं होतं, "स्वयंपाक येतो ना?" तर ही आत जाऊन शाळेतल्या पाककला स्पर्धेचं प्रशस्तिपत्रक घेऊन आली. त्यामुळे माझ्या भाचीनं एका रविवारी जेवणं उरकल्यावर आमच्यापुढे छापील कागद ठेवले आणि "यात चूक-बरोबर असं काही नाही, मनाला येईल ते लिहा" असं सांगितलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं, की पोरीनं चुकीची माणसं निवडली आहेत.

माणसं म्हणजे मी, माझी मोठी बहीण आणि दाजी. जागा ताईचा सिंगापूरमधल्या बुकित पंजांगचा फ्लॅट. एलआरटीचा, म्हणजे इथल्या छोट्या रेल्वेचा डबा खिडकीजवळून इतका संथ जातो, की आतल्या माणसाला आमच्या आमटीचा रंग सांगता यावा. भाची लहानाची मोठी इथंच झाली. मानसशास्त्रात डॉक्टरेट करते आहे आणि समलिंगी माणसांबद्दल लोकांच्या मनात किती अढी असते, ती मोजायचा तिचा विषय. इंग्रजीतली मोजपट्टी तयार होती. इथल्या मराठी कुटुंबांसाठी ती मराठीत आणायची, म्हणजे आधी घरातल्या माणसांवर घासून बघायची. भाचीचं स्वतःचं मराठी 'भात वाढ' आणि सिंगापुरी शेपूट लावलेलं 'मामा, तू काही पण बोलतोस ला' यांच्या मधे कुठंतरी राहतं, म्हणून भाषांतराला मी मदत केली होती.

त्या कागदांना मागं एक जास्तीचा भाग जोडलेला होता. तो फक्त समलिंगी माणसांनीच भरायचा. लोकांच्या मनातली अढी त्यांनी स्वतःही किती उचलली आहे, स्वतःविरुद्ध किती बाळगली आहे, ते त्यात मोजायचं. या भागासाठी घरात एकच उमेदवार होता. मी.

यात गौप्यस्फोट काही नाही. घरात सगळ्यांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. ताईला सांगायला मी गेलो तेव्हा तासभर प्रस्तावना केली. शेवटी मुद्द्यावर आलो तर ती म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं नोकरी गेली, आता पासचं काय होणार!" परदेशात नोकरीच्या पासवर राहणाऱ्या माणसाच्या बहिणीला भीती वाटण्याच्या गोष्टींची एक क्रमवारी असते आणि मी त्यात बराच खाली होतो.

तर, परीक्षा.

"हे कितीपैकी आहे?" दाजींनी चष्मा लावत विचारलं.

"बाबा, मार्क नाहीयेत."

"शेवटी बेरीज करणार ना तू?"

"हो, पण…"

"मग मार्कच झाले."

दाजींनी जवळजवळ सगळीकडे 'तटस्थ' वर खूण केली आणि पेन खाली ठेवून सुपारी मागितली. इतकी वर्षं नोकरी टिकली ती तटस्थ राहूनच, असं त्यांचं म्हणणं. ताई मात्र प्रत्येक प्रश्नाशी भांडत होती. "शेजारी समलिंगी असेल तर चालेल का, म्हणे! अगं, आपल्या वरचा अवेळी खुर्च्या फरफटवतो, तो चालवून घेतलाच ना आपण? हा बिचारा काय करणार आहे?"

"आई, तू फक्त खूण कर ना, प्लीज."

मग आला तो प्रश्न. इंग्रजीतल्या मोजपट्टीत तो नव्हता, भाचीनं स्वतः घातलेला होता. तिचं म्हणणं, की मराठी माणसाला 'तुमची हरकत आहे का' असं विचारलं की तो 'छे, आम्ही कोण हरकत घेणारे' म्हणून मोकळा होतो. त्याला पंगतीत नेऊन विचारावं लागतं. म्हणून तिनं लिहिलं होतं : 'अशा नातेवाइकाला घरच्या कार्याला तुम्ही त्याच्या जोडीदारासह, जोडीनं बोलवाल का?'

दाजींनी हा प्रश्न चक्क सोडून दिला होता, ते भाचीच्या लक्षात आलं. ताईचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग कागद फाटेल अशी 'नक्की' वर खूण केली.

"मी तर दरवेळी बोलावते," ती कागदाला उद्देशून म्हणाली, "येत नाहीत ती गोष्ट वेगळी."

मी एलआरटी बघत बसलो.

आता माझ्या घराबद्दल सांगायला हवं. म्हणजे माझ्या नाहीच. मी परदेशी माणूस, मला इथला सरकारी फ्लॅट घेता येत नाही. ज्या फ्लॅटमधे मी राहतो तो माझ्या जोडीदाराचा. तो इथलाच, चिनी, एका लायब्ररीत काम करतो, आवाज चढवत नाही आणि गोड खात नाही. आम्ही दशकाहून जास्त काळ एकत्र आहोत. सरकारदरबारी मात्र मी त्याचा भाडेकरू म्हणून नोंदलेला आहे.

आणि या भाडेकरूची पद्धत अशी, की मराठी पाहुणे येणार असले की घरमालकानं घराबाहेर जायचं. तो सार्वजनिक तलावावर पोहायला जाई. मी तेवढ्यात दुसऱ्या खोलीतल्या रिकाम्या पलंगावर चादर घाली, उशीला मधोमध खड्डा पाडी, शेजारी त्याचा जुना चष्मा आणि एखादं अर्धं उघडं पुस्तक ठेवी. पाहुण्यांना घर दाखवताना "ही आमच्या फ्लॅटमेटची खोली" असं म्हणायचं. नेपथ्य इतकं चोख, की एकदा पुण्याचे एक काका म्हणाले, "पोरगा अभ्यासू दिसतो." पोरगा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा इथला जुना कायदा काही वर्षांपूर्वी गेला. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, आता ती चादर घालायची गरज नाही. पुढच्याच महिन्यात माझा एक वर्गमित्र सहकुटुंब आला आणि मी चादरीला इस्त्री केली.

प्रश्नावलीचे निकाल भाची कुणाला सांगणार नव्हती. तसा नियमच असतो, म्हणे. पण ताई आणि दाजींनी आपापले आकडे तिच्याकडून हट्टानं काढून घेऊन फोनवर मला कळवले होते. ताई दाजींपेक्षा बरीच खाली होती आणि त्यामुळे खट्टू झालेली. मग मीही अडून बसलो. भाची मला भेटायला दुपारच्या सुट्टीत हार्बरफ्रंटला आली. माझं ऑफिस तिथंच आहे, जहाजांच्या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमधे मी चुका शोधतो. फूड कोर्टात ती नूडल्स आणि मी डोसा घेऊन बसलो.

"आधी सांग, घरात पहिला कोण?" मी विचारलं.

"तू, मामा."

काय सांगू, मला आनंद झाला. पन्नाशी उलटली तरी 'पहिला' हा शब्द ऐकला की माझी मान आपोआप ताठ होते. "मला वाटलंच. पैकीच्या पैकी?"

"जवळजवळ." तिनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "मामा, या पट्टीवर जास्त म्हणजे अढी जास्त. आई खाली आहे ते चांगलं आहे."

मी डोसा दुमडला, उलगडला. मग धंद्याला जागलो आणि तिच्या कागदातल्या चुका काढायला लागलो. हा प्रश्न संदिग्ध आहे, तो दोनदा विचारलाय, अमुक शब्द फार कडक झाला आहे. कडक शब्द मीच सुचवला होता, हे तिनं मला सांगितलं. शेवटी मी म्हटलं, "अगं, पण मला कुणाबद्दल वाईट वाटतच नाही. दुसऱ्या कुठल्याही गे माणसाला कुणी काही बोललं तर मी भांडायला उठेन."

"हो, पहिल्या भागात तू मस्त आहेस. हा घरातला सगळ्यात मोठा आकडा दुसऱ्या भागाचा आहे. तिथं प्रश्न तुझ्याबद्दल आहेत." थोड्या वेळानं ती माझ्या जोडीदाराबद्दल म्हणाली, "लहान असताना मला वाटायचं, त्याला मराठी लोक आवडत नाहीत. मी एकटी आले की तो घरी असायचा. माणसं आली की नसायचा."

मी डोसा पुन्हा दुमडला.

"मामा, माझं केळवण तू करणार आहेस ना?"

"म्हणजे काय! मामाचं पहिलं. तू हॉटेल सांग."

"हॉटेल नको. तुमच्या घरी. आणि तो घरात असताना."

डिसेंबरात तिचं पुण्यात लग्न होतं. मी लगेच धर्मशास्त्राचा आधार घेतला. अगं, केळवणाला ओवाळायला सवाष्ण लागते, आम्ही दोन बाप्ये, आमच्याकडे कोण ओवाळणार? "आई येतेय ना," ती म्हणाली. मग तिनं खरी बातमी सांगितली. तिच्या होणाऱ्या सासूबाई पुढच्या आठवड्यात सिंगापूर बघायला येणार होत्या आणि ताईनं त्यांनाही परस्पर आमंत्रण देऊन टाकलं होतं.

"वेडी झाली का ताई? त्यांना काय सांगायचं? उद्या त्यांनी काही मनात धरलं तर? लग्न मोडलं तर?"

"त्यांच्या मुलाला सगळं माहीत आहे. आणि एवढ्यावरून मोडणार असेल तर आत्ताच मोडू दे ना." मग तिनं माझ्या ताटलीतला डोशाचा तुकडा उचलला. "ते माझं टेन्शन आहे, मामा. माझ्या नावावर तुझं लपवू नकोस."

घरी येऊन मी जोडीदाराला सगळं सांगितलं, आकड्यासकट. त्यानंही इंग्रजी कागद भरले होते. त्याचा आकडा विचारायची मला हिंमत झाली नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शनिवार ना? मी पोहायला जातो, नेहमीसारखा."

मला हायसं वाटलं. अगदी पोटातून. आणि त्या हायसं वाटण्याचा प्रश्न भाचीच्या कागदावर नेमका कुठं होता, तेही आठवलं.

"पण एक," तो म्हणाला, "त्या खोलीत या वेळी माझं काही ठेवू नकोस, चष्माही दुसरा शोध. माझ्याच घरात माझा खोटा बिछाना, म्हणजे जरा जास्तच होतं ला."

"रागावलास?"

"नाही." तो आपल्या कुंड्यांना पाणी घालत होता. "दमलोय."

रागावला असता तर मी समजूत काढली असती. त्यात माझा हातखंडा आहे. दमलेल्या माणसाची समजूत काढता येत नाही.

केळवणाच्या आदल्या दिवशी मी लिटिल इंडियात गेलो. अळूची पानं, चक्का, केशर, सगळं घेतलं. बेत साग्रसंगीत होता, आणि जेवण केळीच्या पानावर. पानवाल्या अण्णानं हिंदीत विचारलं, "कितने लोग?" भाची, ताई, दाजी, विहीणबाई आणि मी. पाच. त्यानं पाच पानं मोजून सुतळी हातात घेतली. मी तसाच उभा. मागं एक बाई फणसाच्या गऱ्यांचा भाव विचारायला ताटकळली होती. "छे," मी हिंदीत म्हटलं. त्यानं सहावं पान असं फेकलं, जणू त्याला काही वाटतच नव्हतं. आणि त्याला खरंच वाटत नव्हतं. घामाघूम मी एकटाच झालो होतो.

घरी पानं पुसायला पसरली. जोडीदारानं ती मोजली. लायब्ररीतली सवय, समोर काही रचलेलं दिसलं की तो मोजतो.

"हे जास्तीचं कुणाचं?"

"घरमालकाचं."

तो बराच वेळ पानाची शीर पुसत राहिला. मग म्हणाला, "मालकाच्या श्रीखंडात साखर कमी."

शनिवारी ताईनं भाचीच्या पानाभोवती रांगोळी काढली, तिला ओवाळलं, ओटी भरली. विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. ताठ बसणाऱ्या, पदर घट्ट, बोलणं मोजकं. जोडीदार अस्वस्थपणे उठबस करत होता. कधी पाणी आण, कधी पंखा वाढव. बाई त्याच्याकडे बघत होत्या. मसालेभात झाला आणि त्यांनी मला विचारलं, "हे तुमच्याकडे राहतात का?"

दाजी पाण्याच्या पेल्यात बघायला लागले. ताईचा हात वाढता वाढता थांबला. मी या प्रश्नाच्या उत्तराची तालीम आठवडाभर तीन भाषांत केली होती.

"नाही," मी म्हणालो, "मीच यांच्याकडे राहतो. घर यांचं आहे."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्याच्या आड एखादा भाडेकरू आयुष्यभर सुखानं राहू शकला असता. भाचीनं मान वर केली नाही, पण तिची बोटं भातात थांबली. मराठी न कळणारा एकटा तो, हातात श्रीखंडाचं भांडं घेऊन, आमची तोंडं वाचत होता.

"म्हणजे आम्ही दोघं एकत्र राहतो," मी म्हटलं, "जोडीनं. बरीच वर्षं झाली." आवाज फार मोठा निघाला. शेजारच्या फ्लॅटमधे मराठी कळत असतं तर त्यांचंही काम झालं असतं.

"हं," बाई म्हणाल्या.

त्या 'हं' नंतर काय करावं हे न कळून जोडीदार श्रीखंड घेऊन त्यांच्या पानाशी गेला. केळवणाला यजमानानं वाढायचं असतं, एवढं मी त्याला शिकवलं होतं. बाईंनी दोन्ही हात पानावर आडवे धरले, "नको, नको, अगदी पुरे."

"ओके," तो म्हणाला आणि पुढं गेला.

बाई हात तसेच धरून बसून राहिल्या. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांचं पहिलं 'नको' कुणी खरं मानलं नसावं. त्यांनी त्याच्या पाठीकडे बघितलं, मग भांड्याकडे, मग माझ्याकडे.

"अरे, पुन्हा विचार, पुन्हा!" तटस्थ दाजी इंग्रजीत ओरडले, "नो मीन्स आस्क अगेन!"

"पण त्यांनी नको म्हटलं," जोडीदार गोंधळून म्हणाला. "दोन्ही हातांनी."

पहिल्यांदा भाची फिसकन हसली, मग ताई. बाईंनी हात बाजूला घेतले. "यांना कुणी शिकवलंच नाही का काही?" त्या मला म्हणाल्या. "वाढायला सांगा. आणि वाढून झालं की बसायला सांगा. घर त्यांचं आणि तेच उभे!"

तो बसला. सहाव्या पानाशी, माझ्या शेजारी. बाई जेवण होईपर्यंत त्याच्याशी काही बोलल्या नाहीत.

जेवणानंतर मी भांडी न्यायला गेलो तर स्वयंपाकघरात त्या ताईला सांगत होत्या, "खोटं कशाला बोलू, मला जड जातंय हे. आमच्यात असं काही पाहिलेलं नाही."

"आम्ही तरी कुठं पाहिलं होतं?" ताई म्हणाली. "घरातच निघालं, मग काय करता!"

"आमच्या मुलाला ठाऊक आहे?"

"पहिल्यापासून."

"बघा. आमच्या घरात सगळं मलाच शेवटी कळतं." त्यांचा खरा राग यावर जास्त असावा असं मला वाटलं, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. मी भांडी तिथंच ठेवून मागं फिरलो. पण जे ऐकलं ते मी स्वतःला सांगत आलेल्या गोष्टींपेक्षा फारच सौम्य होतं.

चहा झाल्यावर बाई "निघते" म्हणाल्या. मग दारात उभं राहून पुन्हा म्हणाल्या. मग लिफ्टपाशी. जोडीदार यजमान म्हणून त्यांना पोचवायला गेला होता आणि लिफ्टचं बटण दाबून अदबीनं उभा होता. लिफ्ट आली, बाई त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागल्या होत्या, ती गेली.

"तुमच्या लायब्ररीत मराठी पुस्तकं किती?"

"मराठी नाहीत, मॅडम. तमिळ आहेत."

"का नाहीत?"

आता बाईंना अढीशिवाय रागवता येईल असा विषय सापडला होता आणि त्या मनसोक्त रागावल्या. लिफ्ट पुन्हा आली, पुन्हा गेली. ताई आणि भाची पिशव्या घेऊन ताटकळत होत्या, दाजी भिंतीला टेकून पेंगत होते. समोरच्या दारातली चिनी आजी खुर्ची बाहेर ओढून बघायला बसली. मी दारातून कॉरिडॉरमधे आलो आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. बाईंनी आम्हा दोघांना एकदा नीट बघून घेतलं, बोलणं थांबवलं नाही.

अखेर लिफ्टचं दार बंद झालं.

"त्या कितीदा 'निघते' म्हणाल्या," तो म्हणाला. "यातलं खरं कुठलं होतं?"

"शेवटचं."

"आता त्या लोकांना सांगतील?"

"संध्याकाळपर्यंत अर्ध्या पुण्याला."

मी थांबलो. भीती आली का ते आत चाचपून बघितलं. होती, आपल्या जागी बसून होती.

"मग बरं झालं," तो म्हणाला आणि घराकडे वळला. "तेवढ्या लोकांना तुला सांगावं लागणार नाही."